ग्रँड नॅशनल स्टीपलचेस : दावेदार घोड्यांच्या मूल्यमापनाचे बदलते निकष (१८३९ ते २०२५)

प्रस्तावना

‘घोडामैदान जवळच आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा घोड्याविषयीचे सर्व दावे अखेर मैदानावरच तपासले जातात हे त्यात गृहीत असते. तथापि मैदानावर उतरण्यापूर्वीही घोड्याची परीक्षा होतच असते. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या अश्वशास्त्रात घोड्याचा रंग, अंगावरील भोवरे, दात, चाल यांवरून त्याचे गुणदोष आणि शुभाशुभ लक्षणे सांगितलेली आढळतात. ही परीक्षा प्रामुख्याने देहलक्षणांची होती. अठराव्या व एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शर्यतींची जी संस्था उभी राहिली तिने मात्र परीक्षेचा आधार बदलला. घोडा कसा दिसतो यापेक्षा तो किती भार घेऊन, किती अंतर, कोणाविरुद्ध आणि कशा जमिनीवर धावला, याची नोंद महत्त्वाची ठरली. लक्षणांची जागा नोंदींनी घेतली.

या नोंदींच्या शास्त्राची सर्वांत कठीण कसोटी म्हणजे लिव्हरपूलजवळील एन्ट्री येथे दरवर्षी होणारी ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत होय. सुमारे पावणेदोनशे वर्षे जाणकारांनी या शर्यतीतील दावेदारांविषयी नियम बांधले आणि शर्यतीने ते वारंवार मोडले. हे नियम कसे तयार झाले, काही काळ का टिकले आणि पुढे का कोसळले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, ग्रँड नॅशनलमधील दावेदारांच्या मूल्यमापनाचे प्रमुख निकष ऐतिहासिक क्रमाने मांडणे. दुसरे, हे निकष मैदानाच्या आणि नियमांच्या रचनेवर कसे अवलंबून होते हे तपासणे. तिसरे, घोड्यांच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाने ‘दावेदार’ या संकल्पनेतच कोणता बदल घडवला हे पाहणे. विवेचन ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचे असून ते या एका शर्यतीपुरते मर्यादित आहे. सपाट धावपट्टीवरील शर्यतींचा विचार केवळ तुलनेपुरता केला आहे.

स्टीपलचेसचा उदय आणि एन्ट्रीचे मैदान

स्टीपलचेस या नावातच तिचा उगम आहे. १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात कॉर्नेलियस ओकॅलहन आणि एडमंड ब्लेक या दोघांत बटेव्हंट ते डोनरेल अशी सुमारे साडेचार मैलांची शर्यत लागली. एका गावच्या चर्चचा मनोरा मागे टाकून दुसऱ्या गावच्या मनोऱ्याच्या रोखाने, वाटेत येतील ती कुंपणे, भिंती व ओढे ओलांडत जायचे, असे तिचे स्वरूप होते. म्हणजे प्रारंभी ही शर्यत शिकारीच्या घोड्याची होती. वेग, उडी आणि दम हे तिन्ही गुण एका जनावरात असावेत, ही अपेक्षा तेव्हापासूनची आहे.

लिव्हरपूलमधील हॉटेल व्यावसायिक विल्यम लिन याने सेफ्टनच्या अर्लकडून एन्ट्री येथील जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि १८२९ मध्ये तेथे शर्यतीच्या मैदानाची पायाभरणी झाली. १८३६ पासून लिनने स्टीपलचेस भरवण्यास सुरुवात केली. परंतु ग्रँड नॅशनलच्या इतिहासाची सर्वमान्य सुरुवात २६ फेब्रुवारी १८३९ च्या शर्यतीपासून धरली जाते. त्या दिवशी १७ घोडे धावले आणि जेम मेसनने स्वार केलेला लॉटरी हा पसंतीचा घोडा विजयी झाला. ‘लॉटरी’ म्हणजे सोडत. नावाने दैवाचा आणि प्रत्यक्षात जाणकारांच्या अपेक्षेचा विजय, असा हा योगायोग आहे. याच शर्यतीत कॅप्टन मार्टिन बेचर ओढ्यात पडला आणि तो अडथळा ‘बेचर्स ब्रुक’ म्हणून ओळखला जाऊ लागला. याच शर्यतीत डिक्टेटर नावाचा घोडा मृत्युमुखी पडला. विजय, अपघात आणि मृत्यू या तिन्ही गोष्टी पहिल्याच वर्षी एकत्र आल्या होत्या, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आज या शर्यतीचे अंतर ४ मैल ५१४ वार, म्हणजे सुमारे ६.९ किलोमीटर आहे. मैदानावर १६ अडथळे असून त्यांतील १४ दोनदा आणि ‘द चेअर’ व पाण्याचा अडथळा हे दोन एकदाच ओलांडावे लागतात. अशा रीतीने एकूण ३० उड्या होतात. बेचर्स ब्रुकला उतरण्याच्या बाजूची जमीन उडी घेण्याच्या बाजूपेक्षा खोल आहे, तर द चेअरला ती उंच आहे. कॅनाल टर्न येथे उतरताच जवळजवळ काटकोनात डावीकडे वळावे लागते. शेवटच्या अडथळ्यानंतर ४९४ वारांची लांब सपाट धाव उरते. इतर मैदानांवर सहज जिंकणारा घोडा येथे निष्प्रभ का ठरतो, याचे उत्तर बव्हंशी या रचनेत आहे.

भार : समतेचा प्रयत्न आणि त्याचा विरोधाभास

पहिल्या काही वर्षांत सर्व घोड्यांनी १२ स्टोन (१ स्टोन म्हणजे १४ पौंड) इतका समान भार वाहावा असा नियम होता. समान भार असेल तर श्रेष्ठ घोडा वारंवार जिंकणार आणि शर्यतीतील रस संपणार, हे लॉटरीच्या यशामुळे लगेच ध्यानात आले. १८४१ मध्ये त्याच्यावर १८ पौंडांचा दंडभार पडेल अशी अट घालण्यात आली. त्यानंतर लॉटरी एन्ट्रीला ही शर्यत पुन्हा जिंकू शकला नाही. १८४३ पासून शर्यत रीतसर हँडिकॅप झाली आणि भार ठरवण्याचे काम एडवर्ड टॉपहॅम याच्याकडे आले. प्रत्येक घोड्याचे गुणांकन करायचे आणि जो अधिक गुणी त्याच्यावर अधिक भार ठेवायचा, असे या पद्धतीचे सूत्र आहे. सपाट शर्यतींत अॅडमिरल हेन्री राउस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर याच विचाराला शास्त्रीय शिस्त दिली.

येथे एक मूलभूत विरोधाभास आहे. हँडिकॅप ठरवणारा अधिकारी हा स्वतःच घोड्यांचा सर्वांत दक्ष परीक्षक असतो, आणि त्याचे मूल्यमापन जितके अचूक तितके इतरांचे मूल्यमापन निरुपयोगी ठरते. सर्व घोडे एकाच वेळी अंतिम रेषेवर पोहोचावेत हे त्याचे आदर्श ध्येय होय. म्हणून ग्रँड नॅशनलमध्ये ‘सर्वांत चांगला घोडा कोणता?’ हा प्रश्न पुरेसा नसतो. ‘आपल्या भाराच्या मानाने चांगला घोडा कोणता?’ हा खरा प्रश्न असतो.

भाराचे महत्त्व १९७३ च्या शर्यतीइतके स्पष्टपणे अन्यत्र दिसत नाही. ऑस्ट्रेलियातून आलेला क्रिस्प १२ स्टोन भार घेऊन धावत होता, तर रेड रमवर १० स्टोन ५ पौंड इतकाच भार होता. दोघेही ९ ला १ या भावाने सहपसंतीचे होते. क्रिस्पने बराच काळ मोठी आघाडी राखली. शेवटच्या सपाट धावेत मात्र त्याचे पाय जड झाले आणि रेड रमने त्याला पाऊण लांबीने मागे टाकले. त्याच वर्षी डॉनकास्टर येथे दोघे समान भाराने धावले, तेव्हा क्रिस्प आठ लांबींनी जिंकला. २३ पौंडांच्या फरकाने एका निकालाचे पारडे कसे फिरवले, याचा हा जणू प्रयोगच होता. परंतु कथा येथे संपत नाही. पुढच्या वर्षी हाच २३ पौंडांचा बोजा रेड रमवर चढला आणि १२ स्टोन घेऊनही तो जिंकला. तेव्हा १९७३ चा विजय केवळ हलक्या भाराची देणगी होता, हे म्हणणेही अपुरे ठरते.

भाराच्या निकषाला एक कालिक मर्यादाही आहे. भार फेब्रुवारीत जाहीर होतात आणि शर्यत एप्रिलमध्ये होते. मधल्या काळात घोडा सुधारला तरी भार बदलत नाही. २०२३ मध्ये कोराक रॅम्बलरने भार जाहीर झाल्यानंतर मार्च महिन्यात चेल्टनहॅम येथील मोठी हँडिकॅप शर्यत जिंकली. परिणामी एन्ट्रीला तो आपल्या खऱ्या योग्यतेपेक्षा हलका भार घेऊन उतरला, पसंतीचा घोडा ठरला आणि जिंकला. जाणकारांचे कौशल्य येथे अधिकाऱ्याच्या चुकीत नव्हे, तर त्याच्या ज्ञानाची तारीख ओळखण्यात होते.

माहितीच नसलेल्या घोड्याचे काय करायचे, हा प्रश्न १९६१ मध्ये उभा राहिला. सोव्हिएत संघातून आलेल्या ग्रिफेल आणि रेल्येफ या घोड्यांची ब्रिटिश मैदानांवरील कामगिरी उपलब्ध नसल्याने त्यांना सर्वोच्च म्हणजे १२ स्टोन भार देण्यात आला. दोघांपैकी एकही शर्यत पूर्ण करू शकला नाही. अज्ञाताला सर्वश्रेष्ठ मानण्याची ही सावधगिरी प्रशासकीयदृष्ट्या समजण्याजोगी होती. घोड्यांच्या दृष्टीने ती न्याय्य होती, असे म्हणणे कठीण आहे.

पूर्वकामगिरी, वंश आणि वय

घोड्याच्या मागील शर्यतींची नोंद हा दुसरा मोठा निकष होय. या निकषाची ताकद आणि मर्यादा दोन्ही गोल्डन मिलरच्या चरित्रात एकवटल्या आहेत. या घोड्याने १९३२ ते १९३६ या काळात चेल्टनहॅम गोल्ड कप सलग पाच वेळा जिंकला. १९३४ मध्ये त्याने गोल्ड कप आणि ग्रँड नॅशनल या दोन्ही शर्यती जिंकल्या. एकाच वर्षी असा दुहेरी विजय त्याच्याशिवाय कोणालाही मिळालेला नाही. साहजिकच १९३५ मध्ये त्याचा भाव २ ला १ इतका खाली आला. तीस उड्यांच्या शर्यतीत एवढा विश्वास पूर्वी कोणावर क्वचितच टाकला गेला असेल. प्रत्यक्षात भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला. स्वार खाली आला आणि गोल्डन मिलरची शर्यत अर्ध्यातच संपली. पुढील दोन वर्षांतही एन्ट्रीला तो शर्यत पूर्ण करू शकला नाही, मात्र चेल्टनहॅमला १९३६ मध्ये तो पुन्हा जिंकला. घोडा तोच, ताकद तीच, मैदान वेगळे. यावरून असे दिसते की ‘चांगली कामगिरी’ हा घोड्याचा निरपेक्ष गुण नसून तो घोडा आणि मैदान यांच्यातील संबंध आहे.

याच्या उलट उदाहरण रेड रमचे आहे. वंशावळीवरून तो लांब पल्ल्याचा घोडा मानला जाणे शक्य नव्हते. त्याचा पिता क्वोरम हा कमी अंतराच्या शर्यतींचा घोडा होता आणि रेड रमची पहिली शर्यत केवळ पाच फर्लांगांची होती. पुढे त्याला पायाच्या हाडाचा विकार जडला. साउथपोर्टच्या समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत आणि खाऱ्या पाण्यात जिंजर मॅकेन यांनी त्याला तयार केले. १९७३, १९७४ आणि १९७७ अशा तीन वेळा तो ग्रँड नॅशनल जिंकला, तर १९७५ व १९७६ मध्ये दुसरा आला. तीन विजयांचा हा विक्रम अद्याप अबाधित आहे. वंश, आरोग्य आणि प्रारंभीची कामगिरी या तिन्ही निकषांनी त्याला नाकारले असते. एकच निकष त्याच्या बाजूने होता आणि तो म्हणजे एन्ट्रीचे मैदान. तो निकष मात्र तेथे धावल्याशिवाय कळण्याजोगा नव्हता.

वयाविषयीचा नियम अधिक बोधप्रद आहे. १९०९ मध्ये लुटर तिसरा हा पाच वर्षांचा फ्रेंच घोडा जिंकला, तर १९२३ मध्ये सार्जंट मर्फी तेराव्या वर्षी विजयी झाला. १९४० मध्ये बॉगस्कार सात वर्षांचा असताना जिंकला आणि त्यानंतर दीर्घकाळ एकही सात वर्षांचा घोडा यशस्वी झाला नाही. ‘आठपेक्षा कमी वयाचा घोडा दावेदार नव्हे’ हा त्यातून निघालेला नियम जवळजवळ सिद्धान्ताच्या पदवीला पोहोचला. २०२२ मध्ये नोबल येट्स या सात वर्षांच्या घोड्याने ५० ला १ या भावाने तो मोडला. ८२ वर्षे टिकलेला नियम नऊ-दहा मिनिटांत संपला.

जमिनीची अवस्था

जमीन कोरडी की चिखलाची, हा निकष शर्यतीच्या दिवसापर्यंत अनिश्चित राहतो. १९९० मध्ये कठीण, वेगवान जमिनीवर मिस्टर फ्रिस्कने ८ मिनिटे ४७.८ सेकंदांचा विक्रम केला. २००१ मध्ये पावसाने मैदानाचा चिखल झाला असताना रेड मरॉडर ३३ ला १ या भावाने जिंकला. त्या वर्षी केवळ चार घोड्यांनी शर्यत पूर्ण केली आणि त्यांतील दोघांवर स्वार खाली पडल्यानंतर पुन्हा बसले होते. या दोन शर्यतींचे नाव एक असले तरी त्यांत तपासले गेलेले गुण भिन्न होते.

अपघात : गणिताबाहेरचा घटक

ग्रँड नॅशनलच्या इतिहासात १०० ला १ या भावाचे घोडे पाच वेळा जिंकले आहेत : १९२८ मध्ये टिपरेरी टिम, १९२९ मध्ये ग्रेगलॅक, १९४७ मध्ये कॉहू, १९६७ मध्ये फॉइनेव्हन आणि २००९ मध्ये मॉन मोम. या पाचही निकालांना ‘दैव’ या एकाच सदरात घालणे योग्य नाही.

१९२८ मध्ये ४२ घोडे धावले. कॅनाल टर्न येथे ईस्टर हीरो अडथळ्यात अडकला आणि मागून येणाऱ्यांची कोंडी झाली. अखेर दोनच घोडे रेषेपर्यंत पोहोचले, त्यांपैकी बिली बार्टनला स्वार पडल्यावर पुन्हा उभे करावे लागले होते. १९६७ मध्ये स्वार गमावलेला पॉपहॅम डाउन २३ व्या अडथळ्यासमोर आडवा आला आणि जवळजवळ सर्व घोडे तेथे अडकून पडले. बराच मागे असलेल्या फॉइनेव्हनला जॉन बकिंगहॅमने या गोंधळातून वाट काढून पलीकडे नेले. त्याचा मालक व प्रशिक्षक दोघेही त्या दिवशी मैदानावर उपस्थित नव्हते. पसंतीचा हनी एंड पुन्हा धावू लागला, पण पंधरा लांबींनी मागे राहिला.

फॉइनेव्हनचा विजय हे दैवाचे नमुनेदार उदाहरण मानले जाते. ते अंशतःच खरे आहे. संधी अपघाताने मिळाली, हे निर्विवाद. परंतु त्यानंतर उरलेल्या सात उड्या त्याला एकट्याने घ्याव्या लागल्या आणि मागून येणाऱ्या अधिक वेगवान घोड्यांपुढे टिकावे लागले. उलट १९५६ मध्ये डेव्हन लॉक हा राजमातेचा घोडा तीसही उड्या निर्दोष घेऊन शेवटच्या सपाट धावेत आघाडीवर असताना अचानक पोटावर कोसळला आणि ई. एस. बी. जिंकला. त्याचा स्वार डिक फ्रान्सिस पुढे रहस्यकथालेखक म्हणून जगप्रसिद्ध झाला. मात्र या रहस्याची सर्वमान्य उकल आजतागायत झालेली नाही. एका घोड्याला अपघाताने विजय दिला, दुसऱ्याचा काढून घेतला. मूल्यमापनकर्त्याची चूक दोन्ही ठिकाणी नव्हती.

मैदान बदलले, निकष बदलले

ज्या मैदानावर हे सर्व निकष आधारलेले होते ते मैदान स्थिर राहिले नाही. घोड्यांच्या मृत्यूंमुळे समाजातून दबाव वाढत गेला आणि रचनेत टप्प्याटप्प्याने फेरबदल झाले. १९६१ मध्ये अडथळ्यांच्या उडी घेण्याच्या बाजूस उतार देण्यात आला. १९८९ मध्ये बेचर्स ब्रुक येथे दोन घोडे मरण पावल्यानंतर तेथील ओढ्याची रचना सौम्य करण्यात आली. २०११ व २०१२ या दोन्ही वर्षी प्रत्येकी दोन घोडे दगावले. २०१२ मधील मृतांत त्याच वर्षीचा गोल्ड कप विजेता सिंक्रोनाइज्ड होता. २०१३ मध्ये अडथळ्यांच्या आतील लाकडी सांगाडे काढून त्या जागी लवचीक प्लास्टिकचे सांगाडे बसवण्यात आले.

याचा परिणाम भाराच्या निकषावर कसा झाला ते पाहू. १९८३ मध्ये कॉर्बिएर ११ स्टोन ४ पौंड घेऊन जिंकला. त्यानंतर २००५ मध्ये हेजहंटर जिंकेपर्यंत ११ स्टोनहून अधिक भाराचा एकही विजेता झाला नाही. या २२ वर्षांत ‘११ स्टोनवरील घोडा वगळावा’ हा जाणकारांचा आवडता नियम झाला. वस्तुतः त्यात एक सांख्यिकीय फसगत होती. त्या काळात बहुसंख्य घोडे १० स्टोनच्या आसपासच असत. जेथे वजनदार घोडेच थोडे, तेथे वजनदार विजेतेही थोडेच असणार. १९९९ पासून भार ठरवणारे फिल स्मिथ यांनी एन्ट्रीचे वेगळेपण लक्षात घेऊन श्रेष्ठ घोड्यांना किंचित सवलतीचे भार देण्यास आरंभ केला, सर्वोच्च भार २००९ मध्ये ११ स्टोन १० पौंडांवर आणण्यात आला आणि अधिक गुणी घोडे शर्यतीकडे वळले. पुढे २०१२ मध्ये नेपच्यून कॉलोंज ११ स्टोन ६ पौंड, २०१५ मध्ये मेनी क्लाउड्स ११ स्टोन ९ पौंड, २०१९ मध्ये टायगर रोल ११ स्टोन ५ पौंड, २०२४ मध्ये आय अॅम मॅक्सिमस ११ स्टोन ६ पौंड आणि २०२५ मध्ये निक रॉकेट ११ स्टोन ८ पौंड घेऊन जिंकले. जुना नियम कवटाळून बसलेल्याने हे सर्व विजेते पहिल्याच चाळणीत गमावले असते.

भाराविषयीचा वाद मिटला असे मात्र नव्हे. रेड रमनंतर सलग दोन वर्षे (२०१८ व २०१९) जिंकणारा टायगर रोल २०२१ मध्ये तिसऱ्यांदा उतरेल अशी अपेक्षा होती. मालकपक्षाने ठरलेला भार अन्यायकारक असल्याचे सांगून त्याला मागे घेतले. त्याच वर्षी मिनेला टाइम्सवर स्वार झालेली रेचल ब्लॅकमोर ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री जॉकी ठरली. स्वाराच्या लिंगावरून घोड्याची शक्यता कमी लेखणारा एक अलिखित निकषही त्या दिवशी निकालात निघाला.

सुरक्षिततेचा प्रश्न २०२३ मध्ये पुन्हा तीव्र झाला. प्राणिहक्क आंदोलकांच्या निदर्शनांमुळे त्या वर्षी शर्यत उशिरा सुरू झाली आणि पहिल्याच अडथळ्यावर हिल सिक्स्टीन हा घोडा दगावला. २०२४ पासून स्पर्धकांची कमाल संख्या ४० वरून ३४ करण्यात आली, पहिला अडथळा प्रारंभरेषेच्या ६० वार जवळ आणला गेला आणि किमान गुणांकन १२५ वरून १३० वर नेण्यात आले. अलीकडच्या शर्यतींत वारंवार उडी चुकलेल्या घोड्यांची विशेष छाननी होऊ लागली. २०२४ मध्ये ३२ घोड्यांपैकी २१ घोड्यांनी शर्यत पूर्ण केली. २०२५ मध्ये मात्र तेरा वर्षांचा एक घोडा शर्यतीच्या अखेरीस कोसळला आणि काही दिवसांनी मरण पावला. सार्जंट मर्फीच्या काळात तेरावे वर्ष हा कौतुकाचा विषय होता. आज तो उत्तरदायित्वाचा विषय आहे.

या बदलाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. पूर्वी ‘हा घोडा जिंकेल का?’ एवढाच प्रश्न होता आणि तो पैज लावणारा विचारत असे. आता त्याआधी ‘हा घोडा सुखरूप परतेल का?’ हा प्रश्न आयोजकांनाच विचारावा लागतो. दुर्बळ उडीचा, वयस्क किंवा अपुऱ्या गुणांकनाचा घोडा पूर्वी केवळ मोठ्या भावाचा घोडा होता. आता तो मुळात दावेदारच नसतो. परिणामी टिपरेरी टिमसारखा विजेता भविष्यात संभवणे कठीण आहे. शर्यतीने आपले जुने अद्भुत काही प्रमाणात गमावले, याची खंत अनेक रसिक व्यक्त करतात. ते अद्भुत कोणाच्या जिवावर उभे होते, याचे उत्तर देण्याची जबाबदारी त्यांना टाळता येणार नाही.

भारतीय संदर्भ : कौशल्य की दैव

मुंबईचे महालक्ष्मी आणि पुण्याचे रेसकोर्स येथील शर्यती सपाट धावपट्टीवरच्या असल्या तरी गुणांकन आणि भार यांची पद्धत तेथेही ओळखीची आहे. घोड्याचे मूल्यमापन हे ज्ञान आहे की निव्वळ नशीब, हा प्रश्न भारतात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्याचा निकाल जानेवारी १९९६ मध्ये लागला. घोड्याची तयारी, अंगभूत क्षमता, त्याने वाहायचा भार, जॉकीचे कसब, शर्यतीचे अंतर या गोष्टी वस्तुनिष्ठपणे अजमावता येतात. म्हणून घोड्यांच्या शर्यतीवरील पैज हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ होय, असा न्यायालयाचा अभिप्राय होता.

न्यायालयाने मोजलेले हे घटक आणि या लेखात ऐतिहासिक क्रमाने आलेले निकष बव्हंशी एकच आहेत. तथापि ग्रँड नॅशनलचा इतिहास या प्रतिपादनाला एक पुरवणी जोडतो. कौशल्य आणि दैव यांचे प्रमाण खेळाच्या रचनेवर ठरते. अडथळे वाढवले, स्पर्धक वाढवले की दैवाचा वाटा वाढतो. ६६ घोडे धावलेल्या १९२९ च्या शर्यतीत कौशल्याला जेवढा वाव होता, त्याहून ३४ घोड्यांच्या शर्यतीत तो निश्चितच अधिक आहे. तरीही २०२५ चा विजेता ३३ ला १ या भावाचा होता, हे विसरून चालणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, दावेदार घोड्यांच्या मूल्यमापनाचे निकष त्रिकालाबाधित नसून ते विशिष्ट मैदान, विशिष्ट नियम आणि विशिष्ट काळ यांची निर्मिती असतात. दुसरा, दीर्घकाळ न मोडलेला नियम आणि कारणमीमांसेवर उभा असलेला नियम यांत फरक केला पाहिजे. वर्षातून एकदाच होणाऱ्या शर्यतीत शंभर वर्षांतही शंभर उदाहरणे मिळत नाहीत. एवढ्या तुटपुंज्या आधारावर बांधलेल्या वयाच्या व भाराच्या नियमांची गत आपण पाहिली. तिसरा, भाराची समता जितकी काटेकोर, तितके भाकीत कठीण होते. ही या शर्यतीची उणीव नसून तिच्या रचनेचे उद्दिष्टच आहे. चौथा, सुरक्षिततेच्या सुधारणांनी केवळ घोड्यांचे प्राण वाचवण्याचा प्रयत्न केला नाही, तर चांगला घोडा कोणता याची व्याख्याही बदलली.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातून आपल्या शास्त्राविषयीही काही शिकता येते. भूतकाळातील नियमितता सांगताना ती कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली हे सांगितले नाही, तर इतिहास हा केवळ अंदाजांचा साठा ठरतो. परिस्थिती बदलल्याचे ज्याच्या ध्यानात येते, त्यालाच जुन्या नोंदींचा खरा उपयोग करता येतो. गोल्डन मिलरवर पैसे लावणाऱ्यांजवळ नोंदी भरपूर होत्या. त्या नोंदी दुसऱ्या मैदानाच्या होत्या, एवढेच त्यांच्या लक्षात राहिले नाही.